सर्व्हरवरून सर्व्हरवर रोज टीबीभर डेटा: किती एमबीपीएसची लाइन लागेल, हे कसं काढायचं

लीज्ड लाइन (ऑफिससाठी भाड्याने घेतलेली स्वतंत्र इंटरनेट लाइन) घेताना वेगाचा आकडा बऱ्याचदा अंदाजानेच ठरतो. मग रात्री लावलेली कॉपी सकाळी ऑफिस उघडलं तरी चालूच असते. खरं तर हिशोब दहा मिनिटांचा आहे, फक्त तो भागाकारापाशी थांबवायचा नाही.

उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसमधून सिम्युलेशनचे निकाल रोज रात्री जर्मनीतल्या सर्व्हरवर पोहोचवायचे आहेत. रोजचा डेटा १.५ टीबी, मिळणारा वेळ रात्री ११ ते पहाटे ५.

१. डेटा नीट मोजा

डिस्कवर एकूण किती पडलंय ते इथे कामाचं नाही. रोज नवा किंवा बदललेला डेटा किती, तो हवा. सरासरी घेऊ नका, महिन्यातला सर्वात जड दिवस घ्या. एकक तपासा: लिनक्सची डीयू कमांड वाचायला सोप्या रूपात आकडे देते तेव्हा १०२४ च्या पटीत मोजते. तिथला १.५ टी म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १.६५ टीबी. दहा टक्के फरक इथेच पडतो. आपल्या उदाहरणातला १.५ टीबी हजाराच्या पटीतला आहे.

२. वेळेतून एक तास वजा करा

सहा तास मिळतात म्हणून सहा धरू नका. लाइन तुटली तर पुन्हा सुरू करायला आणि शेवटी चेकसम (फाइल जशीच्या तशी पोहोचली का, हे तपासायचा आकडा) जुळवायला तासभर ठेवा. उरले ५ तास, म्हणजे १८,००० सेकंद.

३. भागाकार

१.५ टीबी म्हणजे दीड लाख कोटी बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून गुणिले ८, म्हणजे १२ लाख कोटी बिट. त्याला १८,००० ने भागलं की सेकंदाला ६६.७ कोटी बिट, म्हणजेच ६६७ एमबीपीएस. लाइन बिटमध्ये विकली जाते आणि कॉपीचा प्रोग्राम बाइटमध्ये वेग दाखवतो, त्यामुळे पडद्यावर तुम्हाला सेकंदाला ८३ एमबी दिसायला हवेत.

४. वरखर्च आणि मोकळीक

इथरनेट, आयपी आणि टीसीपी या नियमांनुसार प्रत्येक पॅकेटला लागणारी हेडर्स (पत्ता वगैरे माहिती) धरली तर नेहमीच्या १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये सुमारे ९४ टक्केच तुमचा डेटा असतो. ६६७ भागिले ०.९४ म्हणजे ७१०. व्हीपीएन असेल तर अजून थोडं वाढवा. त्याच लाइनवर ईमेल, व्हिडिओ मीटिंग, बाकीचे बॅकअपही चालतात, म्हणून ७० टक्क्यांच्या वर भरवसा ठेवू नका: ७१० भागिले ०.७, म्हणजे साधारण १ जीबीपीएस. डेटा महिन्याला ३ टक्क्यांनी वाढत असेल तर दोन वर्षांत दुप्पट होतो. करार तीन वर्षांचा असेल तर हे आधीच बघा.

५. अंतराचा हिशोब (बहुतेक जण इथेच फसतात)

१ जीबीपीएसची लाइन आली, तरी एकच कॉपी लावली तर १३० एमबीपीएसच्या आसपास अडकते. मग सर्व्हिस प्रोव्हायडरला फोन जातो. लाइन मात्र ठीकच असते.

कारण असं: पाठवणारा ठरावीक डेटा सोडतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. पिंग करून जाण्यायेण्याचा वेळ बघा; इथे तो १३० मिलिसेकंद धरू. एका कनेक्शनचा कमाल वेग म्हणजे बफर (पोच येण्याआधी सोडता येणारा डेटा) भागिले हा वेळ. एसएसएच ही सुरक्षित जोडणी देणाऱ्या ओपनएसएसएचच्या चॅनलची विंडो (म्हणजे असाच बफर) साधारण २ एमबीची असते, म्हणून एसएसएचवरून चालणारं आरसिंक किंवा एससीपी हे कॉपीचे प्रोग्राम १३० एमबीपीएसच्या पुढे फारसं जात नाही. या वेगाने आपला १.५ टीबी पोहोचायला जवळपास २६ तास लागतील. लिनक्समध्ये पाठवण्याच्या टीसीपी बफरची नेहमीची कमाल मर्यादा ४ एमबी. एसएसएच बाजूला ठेवलं तरी त्यातून २५० एमबीपीएसच्या आसपासच मिळतात. १ जीबीपीएस एका कनेक्शनने भरायचं तर सुमारे १६ एमबी डेटा वाटेत असायला हवा.

उपाय दोन. कर्नलच्या सेटिंगमध्ये दोन्ही सर्व्हरवर टीसीपी बफरची मर्यादा ३२ एमबी करा. एसएसएचची विंडो मात्र त्याने वाढत नाही. किंवा फोल्डर वाटून एकाच वेळी सात-आठ आरसिंक चालवा. दुसरा उपाय सोपा आणि बहुतेकदा पुरेसा. पुणे ते मुंबईसारख्या काही मिलिसेकंदांच्या अंतरावर हा प्रश्न जवळजवळ जाणवतच नाही.

६. डिस्क आणि बारीक फाइल्स

एका फिरत्या हार्ड डिस्कवरून सलग वाचन सेकंदाला १५० ते २०० एमबी होतं, पण लाखभर छोट्या फाइल्स असतील तर ते कितीतरी खाली येतं. अशा फाइल्स टार करून, म्हणजे एका फाइलमध्ये बांधून पाठवा. जेपेग आणि व्हिडिओवर कॉम्प्रेशन लावू नका; प्रोसेसर तापतो, आकार तेवढाच राहतो.

७. ऑर्डरआधी चाचणी

आयपर्फ३ (लाइनचा वेग मोजणारा प्रोग्राम) मिनिटभर आधी एका कनेक्शनने, मग आठ कनेक्शन्सनी, दोन्ही दिशांना चालवा. एकाने २५० (आयपर्फ३ मध्ये एसएसएच नसतं), आठांनी ९०० आले तर अडचण अंतराची. दोन्ही वेळा ३०० च्या आसपास आले तर लाइन किंवा मधला फायरवॉल तपासा. ही चाचणी रात्री ११ लाच करा. त्या वेळी जर्मनीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, आणि तिथली वर्दळ त्यानुसार बदलते.

बिलाची पद्धतही विचारा. पंचाण्णव पर्सेंटाइलवर आकारणी (सर्वाधिक वापराचा ५ टक्के वेळ सोडून उरलेल्यातल्या कमाल वेगावर बिल) असेल तर महिन्यातले सर्वाधिक वापराचे ३६ तासच माफ होतात. रोजचे ५ तास म्हणजे महिन्याला १५०, त्यामुळे बिल कॉपीच्याच वेगाने लागणार.

८. पहिली कॉपी वेगळी धरा

आधीचा साठलेला २० टीबी रोजच्या खिडकीत बसणार नाही, ती १.५ टीबीतच भरते. हार्ड डिस्क कुरिअरने परदेशी पाठवायची तर एन्क्रिप्शन आणि कस्टम्सची कागदपत्रं आली. त्यापेक्षा शनिवार-रविवार वापरा: शुक्रवारी रात्री ११ ते सोमवारी सकाळी ८ म्हणजे ५७ तास. ऑफिस रिकामं असल्याने ८५० एमबीपीएस मिळाले तर २१.८ टीबी जातात, म्हणजे २० टीबी जेमतेम मावतो. शुक्रवारचा रोजचा १.५ टीबीही उरलेल्या १.८ टीबीतच पाठवा, सोमवारच्या रात्री त्याला जागा नसते. आरसिंकचा पार्शल पर्याय चालू ठेवा, नाहीतर लाइन तुटली की अर्धी गेलेली मोठी फाइल पहिल्यापासून जाईल.