दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या, मातीत पळवलेल्या मोटारसायकलला किक मारण्याआधी: या चुका टाळा

माझ्या मामाची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल जिंतूरकडच्या गावी वाड्याच्या ढाळजेत १४ वर्षं उभी होती. एकेकाळी ती मातीतल्या रेसमध्ये पळायची. मडगार्ड वर उचललेलं, दोन्ही चाकांना गोट्यांचे टायर, हेडलाइटच्या जागी नंबराची पाटी. मग मामाचं लग्न झालं, शेती वाटून आली, ट्रॅक्टरचे हप्ते सुरू झाले. गाडीवर आधी पोतं आलं आणि पोत्यावर कडब्याच्या पेंढ्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती बाहेर काढली. नवा प्लग, साफ केलेला कार्बोरेटर, एक लिटर ताजं पेट्रोल. सातव्या किकला चालू झाली. गल्लीतली पोरं गोळा झाली. मी ऐटीत येलदरीच्या रस्त्याला लागलो आणि सहाव्या किलोमीटरला मागचं चाक किंचाळत जागच्या जागी अडकलं. ढकलत परत आणली तेव्हा मामा ओट्यावर तंबाखू मळत होता.

"पेट्रोलमदी ऑइल टाकलं होतंस का रे?"

"मामा, ऑइलची टाकी भरली की. हिला पंप आहे ना."

"त्यो पंप तर म्याच बंद केलता, रेसच्या टायमाला. इचारायचं नाही का?"

बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) नवा करावा लागला, पिस्टन आणि रिंगा नव्या, वर जवळच्या गॅरेजवाल्याची आठ दिवसांची 'उद्या या'. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की उभी गाडी चालू करणं हे सोपं काम आहे. ती बिघडते चालू झाल्यानंतरच्या पहिल्या तासात, आणि त्या तासाची तयारी किक मारण्याआधी करायची असते.

तेल कुठून येतं हे न बघता पेट्रोल भरणं

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला आणि क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलच्या वाफेबरोबरच. फोर-स्ट्रोकसारखं खाली साठवलेलं इंजिन ऑइल तिथपर्यंत जात नाही. खाली जे असतं ते गिअर आणि क्लचपुरतं. राजदूत १७५ आणि येझदी या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागायचं. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० ला कंपनीने वेगळी ऑइलची टाकी आणि पंप दिला, त्यामुळे पेट्रोल पंपावर 'ऑइल मारा' म्हणायची गरज संपली. पण मातीत पळवणारे लोक हा ऑइलचा पंप हमखास बंद करतात आणि पुन्हा पेट्रोलमध्ये तेल मिसळायला लागतात. टाकी मात्र तशीच लटकत राहते आणि माझ्यासारख्याला फसवते.

म्हणून आधी ऑइलच्या टाकीपासून निघालेली नळी बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा. ती पंपाला जोडलेली आहे का, पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी बारीक नळी आहे का, ॲक्सिलरेटर फिरवल्यावर पंपाची कप्पी हलते का, हे बघा. सगळं जागेवर असलं तरी वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या नळीत हवा भरलेली असते. हवेचा बुडबुडा पंपात अडकला की तेल पुढे सरकत नाही. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. तरीही पहिल्या दोन टाक्यांना लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठीचं तेल) पेट्रोलमध्ये टाकाच. धूर जास्त निघेल, शेजारी बोलतील, बोलू द्या. पंप काढलेल्या आमच्या गाडीत मी लिटरला ३० मिली टाकतो. मामाने टाकीच्या झाकणाखाली ऑइलपेंटने '३०' लिहून ठेवलंय.

"बघू तरी लागते का" म्हणून मारलेली किक

इतकी वर्षं बोअरच्या भिंतीवर तेलाचा थर टिकत नाही. रिंगा चिकटलेल्या असतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात बारीक गंजही आलेला असतो. त्यावर जोराने किक मारणं म्हणजे बोअरवर पॉलिश पेपर फिरवणं. प्लग काढा, भोकातून १०-१५ मिली टू-टी ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. अडकतंय असं वाटलं तर जोर करू नका, आणखी तेल, आणखी एक रात्र. मोकळं झालं की मग हाताने किक दाबा.

हे करण्याआधीसुद्धा एक काम आहे, ते म्हणजे भोकं तपासणं. ज्यात वारं जातं त्या प्रत्येक भोकात मराठवाड्यात कोणीतरी घर करतं. आमच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीची तीन घरं बांधली होती. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने ज्वारी साठवली होती आणि फिल्टरचा फोम हात लावताच भुगा होऊन पडला. हा भुगा इंजिनाने ओढला तर थेट रीड व्हॉल्व्हवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या पातळ पात्यांवर, जाऊन बसतो. फोम नवा टाका, तो फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. 'रेसिंगला फिल्टर लागत नाही' असं सांगणारा एकजण प्रत्येक गावात असतो. काळ्या रानाची उन्हाळ्यातली धूळ एकदा बोटांत चोळून बघा, म्हणजे त्याचं ऐकायचं की नाही ते कळेल.

वायरिंगही उंदरांच्या आवडीचं. मॅग्नेटचं (करंट तयार करणाऱ्या चाकाचं) कव्हर उघडून आत पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारा उघडझाप स्विच, आहे की नाही बघा. असेल तर त्याची तोंडं बारीक कागदाने पुसून घ्या. बऱ्याचदा करंट न येण्याचं कारण तेवढंच असतं. करंट तपासताना प्लग भोकापासून लांब धरा. भोकातून पेट्रोलची वाफ निघते आणि भडका उडायला एक ठिणगी पुरते.

टाकीत ॲसिड

गंजलेल्या टाकीत संडास साफ करायचं ॲसिड ओतण्याचा सल्ला तुम्हाला किमान तिघे देतील. ते गंज खातं हे खरं, पण गंज संपल्यावर पत्राही खातं, आणि धुतल्यावर अर्ध्या तासात टाकी पुन्हा लाल होते. किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. आधी कॉक (पेट्रोलचा नळ) काढून भोक बंद करा, कारण कॉकचा मऊ धातू आंबट पाण्यात टिकत नाही. दिवसभराने ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच उन्हात वाळवा. मराठवाड्यात या एका बाबतीत देवाने हात आखडता घेतलेला नाही. वाळली की थोडं टू-टी ऑइल आत घोळवा.

टाकीला भोक असेल तर तशीच वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. 'सहा महिन्यांपासून रिकामी आहे' याला काही अर्थ नाही. पत्र्याच्या दुमडीत राहिलेली वाफ टाकी फोडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. आणून देताना ती पेट्रोलची टाकी आहे हे त्याला सांगा आणि काम टाकीला पेट्रोलचा वास नसतानाच, पाणी भरून करणाऱ्याकडूनच करून घ्या.

आता मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं. आपल्याच उसाचा माल असला तरी जुन्या गाडीला तो मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. गंज तिथूनच सुरू होतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि वॉशरही फुगतात, चिरतात. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचं रबर आणि कार्बोरेटरची पॅकिंग सरसकट बदला, जुनी 'चांगली दिसत असली' तरी. गाडी पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

जेटमध्ये तार घालणं

सुकलेल्या पेट्रोलचा चिकट पिवळा थर कार्बोरेटरच्या सगळ्यात बारीक भोकात बसतो, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या स्लो जेटमध्ये. तिथे पिन किंवा सायकलची तार खुपसली की मऊ पितळेचं भोक मोठं होतं आणि पुढे कितीही सेटिंग केलं तरी गाडी ॲक्सिलरेटर सोडल्यावर नीट चालू राहत नाही. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का बघा. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून भिंतीवर लिहा. लिहायचं राहिलं असेल तर दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात करा.

जपानी बनावटीच्या गाडीचे फुलीचे स्क्रू बाजारातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरने हमखास गोल होतात, कारण त्यांच्या खाचेचा कोन वेगळा असतो. हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. मी आधी न घेतल्यामुळे चार स्क्रू छिन्नीने काढले.

ऑइल सील 'चालतंय' म्हणून सोडून देणं

हा मुद्दा बहुतेक लोक गाळतात आणि इंजिनं मरतात ती इथेच. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या पेटीत दाब आणि ओढ आलटून पालटून तयार होते, म्हणून ती पेटी हवाबंद लागते. वर्षानुवर्षं न फिरलेल्या क्रँकवरचं सील प्लास्टिकसारखं कडक होतं. गाडी चालू होते, सुंदर आवाज करते, आणि आतून चुकीच्या वाटेने हवा किंवा तेल ओढत असते.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लक्षण असं की ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस (इंजिनाचा वेग) उतरत नाही, उलट चढते. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता आणि कमी तेल, म्हणजे पिस्टन पकडणार, तापून बोअरमध्ये अडकणार. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढलं जाऊन जळतं. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी घटत जाते. रेस चढण्यामागे कधी सीलऐवजी कार्बोरेटर आणि बोअरमधलं चिरलेलं रबरही असतं. इंजिन चालू असताना त्याच्यावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर दोष तिथेच आहे.

रेस सुटलीच तर घाबरून चावी बंद करून भागेलच असं नाही. तापलेलं इंजिन करंटाशिवायही फिरत राहू शकतं. वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा. मॅग्नेटच्या बाजूचं सील घरी बदलता येतं, फक्त मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार, पुलर, हवा. हातोडी मारून मॅग्नेट काढू नका, क्रँक वाकतो. दुसऱ्या बाजूसाठी क्लच उतरवावा लागतो. आधी कधी उघडला नसेल तर तेवढं काम मिस्त्रीकडे द्या, लाजू नका.

क्लच, ब्रेक, टायर

क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. पहिल्यांदा गिअर टाकताच गाडी उडी मारून समोरच्या भिंतीवर जाते. इंजिन बंद असताना चौथ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी मागेपुढे हलवा, 'टक्' होऊन सुटतील.

ड्रम ब्रेकच्या शूजवरचा लायनर उभ्या उभ्या निसटतो. तो आत फिरून चाक जॅम करतो, म्हणून चाक उघडून बघाच. आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

टायरच्या गोट्या नव्यासारख्या दिसतात. बाजूला चिरा आहेत का ते बघा आणि तिथेच छापलेल्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे. तो झोपाळ्याला बांधा.

सगळ्यात आधी वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुण्याचा मोह होतो. तिथलं पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि मॅग्नेटमध्ये शिरतं. चिकटलेली काळी माती रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवा, सकाळी लाकडी काडीने ढलप्या निघतात. चेन धुवायला रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलने काम होतं.

पहिला तास

ढाळजेत किंवा शेडमध्ये चालू करू नका, धूर डोक्यात जातो. अंगणात दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, हात लावता येईल इतकी थंड होऊ द्या. असं चार वेळा. मग शेताच्या बांधापर्यंत, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, दोन बोटं कायम क्लचवर. आवाज घट्ट झाल्यासारखा वाटला की लगेच क्लच दाबायचा; पिस्टन पकडला तरी निदान तुम्ही पडणार नाही. परत आल्यावर प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढराफटक असेल तर गाडी बाहेर काढू नका आणि पुन्हा सीलच्या मुद्द्यावर या. मे महिन्यात दुपारी हे करूच नका, ४० च्या वरच्या उन्हात हवेवर थंड होणारं धडधाकट इंजिनही तापतं.

रानाबाहेर डांबरी रस्त्यावर जायचं असेल तर आरसी बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी आरटीओला गाडी दाखवावी लागते. हेडलाइट, हॉर्न, मूळ सायलेन्सर जागेवर नसेल तर ती पास होणार नाही. आमच्या गाडीचा हेडलाइट मामीने धान्याच्या कोठीत जपून ठेवला होता. काच फुटकी होती, पण घेर शाबूत निघाला.