गणिताच्या कृती तयार करताना या चुका टाळा: छात्राध्यापकांसाठी

सराव पाठात मुलं काड्या मोजताहेत, वर्ग रंगलाय, आणि तरी वहीत वजाबाकी चुकते. बहुतेकदा कारण एकच असतं. गणिताचं जे काम मुलाच्या हातून व्हायला हवं, ते शिक्षकाने आदल्या रात्रीच उरकून ठेवलेलं असतं.

तयार गठ्ठे वाटणे

दहाचा बांधलेला गठ्ठा आयता हाती आला की मुलासाठी ती एक जाड काडी होते. म्हणून पहिल्या तासाला गठ्ठे मुलांनीच मोजून बांधावेत आणि शेजारच्या गटाने ते सोडून तपासावेत. नऊचे आणि अकराचे गठ्ठे हमखास निघतात. रबर थोडे मोठे आणि सैल घ्या. घट्ट रबर लहान बोटांना चढत नाहीत आणि निम्मा तास त्यातच जातो.

आता ५२ − २७ घ्या. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, बाकावर ५२ आणि २७ अशा दोन्ही संख्या मांडायला सांगणे. बेरजेत ते ठीक, पण वजाबाकीत २७ काड्या ५२ मधूनच उचलायच्या असतात. दुसरी चूक जास्त नडते: प्रत्येक गटाला मूठभर सुट्या काड्या जादा देणे. मग मूल त्या ढिगातून ७ काड्या उचलतं आणि गठ्ठा सोडायची वेळच येत नाही. गटाला नेमके ५ गठ्ठे आणि २ सुट्या द्या. सात सुट्या मागितल्या की मूल अडतं. अडू द्या, लगेच सांगू नका. रबर काढल्यावर ४ गठ्ठे आणि १२ सुट्या होतात. त्यातून २७ गेल्यावर २५ उरतात. हे हाताने केलेलं मूल वहीत ३५ लिहिण्यापूर्वी थबकतं.

संख्येचं नाव गृहीत धरणे

'बावन्न' म्हणताना आधी दोन, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५. त्यामुळे मूल २५ लिहितं. गठ्ठे कायम डावीकडे, सुट्या उजवीकडे ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. 'एकोणतीस' ऐकून मूल ३ गठ्ठे आणि ९ सुट्या मांडतं, कारण त्या शब्दात तीस ऐकू येतं. ३ गठ्ठे मांडून घ्या, एक सोडायला लावा आणि एक काडी बाजूला काढा. एक उणे तीस म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर दिसतं.

अपूर्णांकाच्या पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या

उरलेल्या रंगीत कागदांतून पट्ट्या कापल्या की एका रंगाचा अर्धा दुसऱ्या रंगाच्या पाव भागाएवढा निघू शकतो, आणि तुलनेला अर्थच राहत नाही. सगळ्या पट्ट्या २४ सेंमीच्या ठेवा: अर्धा १२, एक तृतीयांश ८, पाव ६, एक षष्ठांश ४, एक अष्टमांश ३. अर्धा, पाव आणि अष्टमांश मुलांनी घडी घालून करावेत. तृतीयांशाची घडी अंदाजाने जमत नाही, तिथे ८ सेंमीवर खूण द्या.

संख्यारेषेवर ठिपके मोजणे

३ + ४ करताना मूल तीनवर बोट ठेवून 'एक' म्हणतं आणि सहावर पोचतं. बोट तीनवर टेकलं असताना गप्प राहायचं, उडी मारल्यावरच 'एक'.

आकारांच्या संचात त्रिकोण सगळे समभुज आणि आडव्या पायावर उभे नकोत. लांबट, कललेलेही कापा.

कृतीवरून थेट आकड्यांवर उडी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलेला क्रम इथे कामाचा आहे: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. मधलं चित्र पाठ टाचणातूनच गळतं. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी ठिपका, एवढं पुरे. दशक सुटा करताना मुलाने एक रेघ खोडून दहा ठिपके काढावेत. मग ५ खोडून वर ४ का लिहायचे, हे त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.