‘टू डू’ की ‘टू बी डन’? या चुका टाळा

सांगलीतील माझ्या इंग्रजीच्या शिकवणीत दर जूनला नवी तुकडी येते आणि त्याच जुन्या चुका घेऊन येते. त्यांत ‘टू’नंतरच्या क्रियापदाची चूक सर्वांत चिवट, कारण तिचे मूळ मराठीत आहे. ‘पोती तपासायची आहेत’ असे म्हणताना ती कोणी तपासायची, हे मराठीत सांगावे लागत नाही; इंग्रजीत मात्र ‘टू चेक’ आणि ‘टू बी चेक्ड’ यांतून निवड करावी लागते.

माझा एक विद्यार्थी मार्केट यार्डातील हळदीच्या अडतीवर पत्रव्यवहार पाहत असे. परराज्यातील खरेदीदाराच्या माणसाने येऊन चाळीस पोती तपासावीत, मगच गाडी भरावी, असे ठरले होते. त्याने लिहिले, ‘वुई हॅव फॉर्टी बॅग्ज टू चेक बिफोर लोडिंग’, आणि मीही स्पेलिंग तेवढे पाहून मान डोलावली. ‘वुई हॅव’नंतर ‘टू चेक’ आले की तपासणारे ‘वुई’च ठरतात. त्यामुळे ‘तुमची तपासणी झाली की कळवा’ असे उत्तर आले, माणूस आलाच नाही आणि पाच दिवस पोती थप्पीला पडून राहिली. ‘टू बी चेक्ड’ लिहिले असते, तर निदान ‘कोणी?’ असा प्रश्न तरी आला असता. तेव्हापासून मी आधी मराठी वाक्य लिहितो, त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने ‘कोणी?’ असे लिहितो आणि उत्तर इंग्रजीत घालतो: ‘फॉर्टी बॅग्ज फॉर युअर मॅन टू चेक’. यात वेळ जातो, म्हणून उतावळ्या मुलांना ही सवय आवडत नाही.

दुसरी चूक निबंधातली. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरावर लिहिताना एकीने कृष्णेचे पाणी माजघरात शिरल्याचे वर्णन करून पुढे लिहिले, ‘देअर वॉज नथिंग टू डू’. तिला म्हणायचे होते की इलाज उरला नव्हता; वाक्याचा सहज अर्थ मात्र असा होतो की करायला काही काम नव्हते आणि वेळ जात नव्हता. तेथे ‘नथिंग टू बी डन’ हवे होते. याउलट ‘देअर इज वर्क टू डू’ आणि ‘टू बी डन’ यांत फारसा फरक नाही, हे ऐकले की मुले हिरमुसतात, कारण त्यांना एका ओळीचा नियम हवा असतो.

‘द फॉर्म इज टू फिल इन’ असे लिहू नये. ‘इज टू बी फिल्ड इन’ लिहावे.

‘इझी टू बी रेड’ नको, ‘इझी टू रीड’ पुरेसे आहे.

‘कर्मणी अर्थ दिसला की बी लावा’ ही झटपट युक्ती ‘टू ब्लेम’पाशी फसते. ‘ही इज टू ब्लेम’ म्हणजे दोष त्याचा. रूप कर्तरी, अर्थ कर्मणी, आणि ते पाठच करावे लागते. चाळीस पोत्यांबाबत मी त्या विद्यार्थ्याला ‘आय वॉज टू ब्लेम’ असेच लिहून दिले होते.