विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजची मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर कोण होणार, अंदाज कसा बांधायचा

आधी एक गोंधळ मिटवा. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये सीझनभराच्या खेळासाठी मिळतो तो यूएसए सॉफ्टबॉल प्लेयर ऑफ द इयर, आणि ओक्लाहोमा सिटीत आठ टीम्स खेळतात त्या शेवटच्या स्पर्धेतल्या, म्हणजे विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजमधल्या खेळाचा मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर अवॉर्ड वेगळा. 2024 ला पहिला स्टॅनफर्डच्या निजारी कॅनेडीला गेला आणि दुसरा ओक्लाहोमाच्या केली मॅक्सवेलला, पण 2022 ला जोसलिन अलोने दोन्ही नेले, तिची बॅटिंगच तशी होती राव.

आता बघायचं काय तर सगळ्यात आधी पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी. बेसबॉलसारखं रोज नवीन पिचर असं इथे नसतं, एकच पोरगी लागोपाठ मॅचेस टाकू शकते त्यामुळे जिंकणाऱ्या टीमची मेन पिचर आपोआप पुढे असते. 2025 ला टेक्सासच्या टीगन कॅव्हनने अख्ख्या स्पर्धेत एकही अर्न्ड रन दिला नाही, मग अजून कोणाला देणार? अर्न्ड रन म्हणजे फिल्डिंगच्या चुकीशिवाय झालेला रन, स्कोअरकार्डमध्ये ईआर लिहिलेला कॉलम बघा.

पण फिल्डिंगही विसरू नका, 2018 च्या फायनलमध्ये फ्लोरिडा स्टेटच्या जेसी वॉरनने तिसऱ्या बेसजवळ बंट झालेला, म्हणजे बॅट जोरात न फिरवता हलकेच टेकवलेला बॉल डाइव्ह मारून हवेतच पकडला आणि पडल्या पडल्या पहिल्या बेसला फेकून डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोघींना आउट केलं. अवॉर्ड तिलाच.

फायनल बेस्ट ऑफ थ्री असते, तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे अलार्म लावून झोपा.