रुळालगतचं शेत आगीपासून कसं सांभाळायचं

खेरवाडी आणि कसबे सुकेण्याच्या मध्ये आमची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. बांध थेट रेल्वेच्या हद्दीला लागलेला. गाडीच्या ठिणगीनं खरंच आग लागते का, असं नवीन शेजारी विचारतात. लागते. मी डोळ्यांनी पाहिली आहे.

एप्रिलातली दुपार होती. मनमाडकडे जाणाऱ्या मालगाडीच्या एका वाघिणीचा ब्रेक चाकाला चिकटून राहिला होता. आधी जळक्या लोखंडाचा वास आला, मग चाकापाशी नारिंगी फवारा दिसला. गाडी निघून गेली आणि खडीच्या कडेला कुसळाच्या एका बुडख्यातून बोटाएवढा धूर वर आला. पाण्याची कळशी घेऊन पोहोचेपर्यंत आग आमच्या बांधावर होती.

ब्रेकचा ठोकळा चाकावर घासला की धातूचे कण तापून उडतात. बारीक ठिणगी हवेतच विझते. जाडसर कपची मात्र लाल असतानाच खाली पडते, आणि खाली वाळलेलं बारीक गवत असलं तर तेवढं पुरतं. हिरव्या गवतावर ती काही करत नाही, खडीवरही नाही. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या प्रवासी डब्यांना चकतीचे ब्रेक असतात, त्यांचा हा त्रास कमी. दारातून फेकलेली पेटती विडी आणि रूळ कापताना-जोडताना उडणाऱ्या ठिणग्याही तेवढ्याच वाईट.

म्हणून काम गवताचं करायचं, तेही होळीच्या आधी. आपल्याच शेतात, रेल्वेच्या हद्दीला लागून, आठ-दहा फुटांचा पट्टा रोटाव्हेटरनं उघडा काळा करून घ्या. वन खातं जंगलात जाळरेषा काढतं, तसंच. पावसाळ्यापर्यंत तो दोनदा तरी पुन्हा फिरवावा लागतो, कारण वाळकं गवत वाऱ्यानं येऊन बसतं. बांध पेटवून साफ करू नका. ती आग उलटी रुळाकडे गेली तर सिग्नलच्या केबली जळतात.

आमच्याकडे खरा धोका खरड छाटणीचा, म्हणजे द्राक्षं निघाल्यावर वेल आखूड छाटतात त्याचा. एप्रिलात छाटलेल्या काड्या आपण सोयीसाठी बांधावर टाकतो, आठ दिवसांत त्या कडकडीत होतात. त्या दिवशी कुसळ क्षणात जळून गेलं, पण काड्यांचा ढीग तासभर धगधगत राहिला आणि त्याच्या आचेनं कडेच्या ओळीतल्या ठिबकच्या नळ्या वितळून वेलींच्या बुंध्यांना चिकटल्या. आता काड्या त्याच दिवशी बारीक करून ओळीत मातीआड करतो. कांद्याची चाळ, गव्हाचा भुसा, उसाचं पाचट हद्दीपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं बरं.

मार्च ते मे फवारणीच्या ब्लोअरची टाकी पाण्यानं भरून ट्रॅक्टरला जोडलेली ठेवा. टाकी आधी धुवा. गन कायम जमिनीकडे. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, पाण्याची धार किंवा लांब ओली फांदी तिकडे गेली तर माणूस जागीच जाईल. रुळावर पाऊल टाकू नका. आपल्या बाजूनं, वारा पाठीवर घेऊन, ओल्या गोणपाटानं कडा दाबत चला. गोणपाट आपटू नका, ठिणग्या उडतात.

ठिणग्या उडवत जाणारी गाडी दिसली तर जवळच्या गेटमनला किंवा 139 वर लगेच कळवा: कुठल्या दिशेला, किती वाजता, इंजिनापासून साधारण कितवा डबा. आगीची जागा सांगताना तारेच्या खांबावरचा आकडा वाचा, वर किलोमीटर आणि खाली खांबाचा नंबर. शेतकऱ्याचं नाव सांगून कुणाला जागा कळत नाही, त्या आकड्यावरून कळते. आमच्या बांधासमोरच्या तीन खांबांचे आकडे मी विहिरीच्या मोटारपेटीच्या दारावर आतून खडूनं लिहून ठेवले आहेत. अग्निशमनासाठी 101, आणि त्यांना बंब कुठल्या शिवाररस्त्यानं येईल तेही सांगा.