गुडघा बदललाय? ध्येय ठरवताना या चुका टाळा

"मॅडम, आज किती डिग्री?" रामबागेतल्या घरात चप्पल काढते न काढते तोच हा प्रश्न. झोप लागली का, ओट्यापर्यंत गेलात का, ते नंतर. इंदुरात 18 वर्षं घरोघर जाऊन व्यायाम करून घेतेय. ऑपरेशन करून गुडघा बदललेल्यांनी स्वतःचं सर्वांत जास्त नुकसान 'गुडघा किती डिग्री वाकतो' या आकड्यापायी केलेलं पाहिलंय.

एक काका होते, इथल्या हुकुमचंद कापड मिलमधले. शेजाऱ्यांचा गुडघा दीड महिन्यात 120 डिग्री वाकला, म्हणून यांना महिन्यात हवा. तिसऱ्या आठवड्यात 85 होते, म्हणजे ठीकच चाललं होतं. पण काकांनी नातवाला पाय दाबायला बसवलं. संध्याकाळी फोन, "95 झाले!" सकाळी गुडघा टम्म, आणि मोजलं तर 70. पुढचे 10-12 दिवस बर्फातच गेले. नातू बिचारा खोलीत यायला तयार नाही.

शेवटी विचारलं, "काका, 120 झाल्यावर करणार काय?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अनंत चतुर्दशीला आमच्या मिलची झांकी बघायचीय." झांकी म्हणजे मिरवणुकीतला देखावा. मिल 1991 मध्ये बंद पडली, झांकी अजून निघते. अहो, त्याला 120 कशाला? खुर्चीतून उठायला साधारण 90-100 पुरतात. त्यांना लागणार होतं ते वेगळंच: ओट्याच्या 3 पायऱ्या, रिक्षातून उतरणं, जेल रोडच्या गर्दीत काठी धरून अर्धा तास उभं राहणं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर सोमवारी एकच ओळ लिहायला लागलो. पहिली ओळ होती, "दूधवाल्यापर्यंत आणि परत." माझा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. सूज आणि दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलं, तर आज व्यायाम निम्माच. काकूंनी घडीची खुर्ची नेली होती, काकांनी झांकी पाहिली. डिग्री मोजायचं त्या आठवड्यात दोघंही विसरलो.

माझा दुसरा राग उशीवर. वाकण्याचं सगळे विचारतात, पाय पूर्ण सरळ होतो का हे कोणी विचारत नाही. गुडघ्याखाली मऊ उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून रात्रभर तीच. पाय जरासा वाकलेलाच राहायची सवय लागते, मग चालताना लंगडणं आणि मांडीला थकवा. म्हणून 'सरळ होणं' हेही ध्येयांत लिहा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा आणि 5-10 मिनिटं गुडघा तसाच अधांतरी राहू द्या. उशी मी स्वतः उचलून कपाटात टाकते. पेशंट रागावतात, रागावू देत.

"पहिल्यासारखं व्हायचंय" हे ध्येय नाही, ती तक्रार आहे.

काठी ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

मोबाइलवर '7 दिवसांत चालू लागा' बघणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. टाके निघाले की व्यायाम बंद करणारेही याच जातीचे; सूज काही महिने रेंगाळू शकते, हे त्यांना ऐकायचंच नसतं.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर मला नव्हे, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच फोन करा. आणि त्यांना आधी ते सांगा, डिग्री नंतर.