छोट्या नदीवर कयाकमधून मासेमारी: निघण्याआधीची तयारी

छोटी नदी म्हणजे दहा-पंधरा मीटर रुंद, कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे पुरुषभर डोह आणि दोन्ही काठांवर झाडोरा. काठावरून गळ फेकायला हात फिरत नाही आणि मोठी होडी उथळात रुतते. कयाकला, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीला, वीतभर पाणी पुरतं, म्हणून ती तुम्हाला अशा डोहांपर्यंत नेते जिथे क्वचितच कुणाचा गळ पडलेला असतो. या सुखासाठी तयारीचं सूत्र साधं आहे: सामान कमी घ्या, आणि जे घ्याल ते हाताशी आणि बांधलेलं ठेवा.

आदल्या दिवशी नदीचं उपग्रहचित्र मोठं करून पूल, बंधारे, खळाळ आणि आडवी पडलेली झाडं हेरा. टप्पा सहा-आठ किलोमीटरच धरा. नुसतं वल्हवलं तर तो दोन तासांत संपतो, पण डोहाडोहाशी थांबत गेलं की दिवस पुरत नाही. गाडी एकच असेल तर आधी प्रवाहाविरुद्ध वर जा, जाताना जागा बघून ठेवा आणि परतताना गळ टाकत या. दमलात तरी नदीच तुम्हाला गाडीपाशी आणून सोडते. वरच्या भागात पाऊस झालाय का आणि धरणातून पाणी कधी सोडतात, हे विचारून घ्या. पाणी चढत असेल, गढूळ होऊन काटक्या-पाचोळा वाहत येत असेल तर बेत पुढे ढकला. मासेमारीचा परवाना, बंदीचा काळ आणि किती लांबीचा मासा ठेवता येतो हेही त्याच संध्याकाळी बघा. कुठून उतरणार आणि किती वाजता बाहेर येणार, हे घरी सांगून ठेवा.

बंधाऱ्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. वरून येताना त्याच्या जागी पाण्याची सपाट रेघ दिसते, बाकी काहीच दिसत नाही. खाली पडणारं पाणी तळाशी जाऊन उलटं फिरतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे ओढतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सहज सुटत नाही. बंधारा कितीही बुटका असो, बरंच आधी काठाला लागा आणि कयाक काठावरून ओढत पुढे न्या. पडलेलं झाड तितकंच वाईट. पाणी फांद्यांतून आरपार जातं, कयाक मात्र आडवी होऊन दाबली जाते. दुरूनच पलीकडचा काठ धरा. तरी आदळायची वेळ आलीच तर अंग झाडाच्या बाजूला झुकवा. घाबरून मागे झुकलात की वरून येणारं पाणी कयाकची कड दाबतं आणि ती उलटते.

कयाक नऊ ते अकरा फुटांची, आत नव्हे तर वर बसायची (सिट-ऑन-टॉप) घ्या. बारा फुटांच्या पुढची सरळ छान पळते, पण अरुंद वळणावर अडते. कंपनी जी वजनक्षमता लिहिते, तिच्या सत्तर टक्क्यांतच तुमचं आणि सामानाचं मिळून वजन बसवा: १४० किलो लिहिलं असेल तर ९८. जड डबा पाठीमागे टाकला की पुढचं टोक उचलतं आणि वाऱ्यावर भरकटतं, म्हणून वजन सीटच्या जवळ आणि खाली ठेवा. रुंद कयाकला २३० ते २४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. आखूड असलं तर कडेवर खटखट आपटतं. आणि बुडाचं बूच! ते घट्ट आहे ना, हे पाण्यात ढकलण्याआधी बोटाने चाचपून बघा. विसरलात तर पाणी हळूहळू भरतं, आणि कयाक डुगडुगायला लागेपर्यंत काही कळत नाही.

लाइफ जॅकेट पाण्यात उतरण्याआधीच घाला. कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. त्यावर शिट्टी आणि एका हाताने उघडणारी सुरी हवी, कारण तंगुसात, म्हणजे गळाच्या दोरीत, पाय अडकला तर पिशवी उघडायला वेळ नसतो. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, अंगावर ठेवा. कयाक वाहून गेली तर तिच्यातला फोन काय कामाचा? कपडे हवा बघून घालू नका, पाणी किती गार आहे ते बघून घाला. सुती कपडा भिजला की जड होतो आणि अंग गारठवतो. बूट बोटं झाकणारे, पायात घट्ट बसणारे हवेत. प्रवाहात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाह जातो त्या दिशेला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवा. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहू नका, नाहीतर दगडांत पाऊल अडकतं आणि प्रवाह तुम्हाला पुढे पाडतो. पुन्हा कयाकवर चढायचा सराव शांत पाण्यात करून ठेवा: पाय झाडत पोटावर चढा, मग उताणे व्हा, मग बसा.

रॉड दोन पुरेत, सहा-साडेसहा फुटी, आठ-दहा पौंडांचा ताण सोसणाऱ्या तंगुसाचे. मागे उभे खोचलेले रॉड पहिल्याच लोंबत्या फांदीला अडकून मोडतात. खळाळाआधी ते आडवे करून टोक कयाकच्या आत घ्या. स्पिनर (फिरत्या पात्याची नकली आमिषं) तीन ते सात ग्रॅमचे, एक-दोन उथळ पोहणारे लूर (नकली आमिषं) आणि थोडे मऊ रबरी लूर, सगळं एका डब्यात. तीन तोंडांचे गळ काढून एकेरी लावा आणि टोकामागची उलटी अणी पक्कडीने दाबून टाका. तडफडणारा मासा मांडीवर येतो तेव्हा याचं मोल कळतं. आखूड दांड्याची रबरी हातजाळी आणि गळ कापता येईल अशी कटिंग पक्कड दोरीने बांधून ठेवा.

डब्याखाली, पक्कडीखाली फोमचे तुकडे चिकटवा. पोकळ कयाक ढोलासारखी वाजते आणि तो आवाज पाण्यात लांब जातो. मग खडकामागच्या थोपलेल्या पाण्यात पुढचं टोक घुसवून थांबा. वेगवान धार आणि शांत पाणी जिथे घासतात, तिथे बुडबुड्यांची एक रेघ दिसते. मासे तिच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून, येणाऱ्या खाद्याची वाट बघत असतात. स्पिनर रेघेच्या वरच्या अंगाला टाका आणि प्रवाहाबरोबर खाली आणा. हाताला थरथर लागते, मग धक्का बसतो आणि कयाकचं टोक आपोआप माशाकडे वळतं. अर्ध्या किलोचा मासा तुम्हाला बसल्या जागी फिरवतो! काठावर उभं राहून हे अनुभवता येत नाही. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस सोडणारा रीलचा ब्रेक, नेहमीपेक्षा थोडा सैल ठेवा, कारण कयाकही त्याच्यामागे सरकत असते. सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा आणि शक्य तेवढा पाण्यातच ठेवा.

वाहत्या पाण्यात लंगर नको, याबाबत आम्ही ठाम आहोत. कडेला बांधलेला लंगर अडकला की कयाक आडवी होते आणि पाणी तिला उलटवतं. शांत डोहात दीड किलोचा घडीचा लंगर चालेल, पण तो मागच्या टोकाला आणि एका ओढीत सुटेल असा बांधा.

परत आल्यावर बूच काढून कयाक तिरकी करा आणि आतलं पाणी सांडून द्या. बूट, जाळी आणि कयाकचा तळ धुऊन पूर्ण वाळवा, म्हणजे एका नदीतलं शेवाळ आणि शिंपल्यांची पिल्लं दुसरीत जाणार नाहीत. लूर उघड्यावर सुकवून मगच डब्यात ठेवा, आणि रीलचा ड्रॅग सैल करून ठेवा.